भोसीचं शेत आणि प्रश्नावलीतला माणूस

२०२० च्या उन्हाळ्यात बाजार, शाळा, एसटी सगळं बंद असताना एक उद्योग मात्र तेजीत होता, तो सर्वेक्षणांचा. फोनवर एक दुवा यायचा. तो उघडला की वीस-पंचवीस प्रश्न असायचे : कोरोना कशाने पसरतो, लक्षणं कोणती, मुखपट्टी वापरता का, हात किती वेळा धुता, सरकार या साथीवर मात करील असं वाटतं का? शेवटी शिक्षण, वय, उत्पन्न. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात या प्रकाराला 'ज्ञान, वृत्ती आणि आचरण' यांचा अभ्यास म्हणतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. माणसाला माहिती मिळाली की त्याचं मत बदलतं आणि मत बदललं की वागणं बदलतं. मग वागणं बदललं नसेल तर दोष एक तर माहितीत, नाही तर मनात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत साथीच्या दोन-अडीच वर्षांत जे घडलं ते या हिशेबात बसवून पाहिलं तर तो जमत नाही. इथल्या लोकांना काय माहीत होतं यापेक्षा त्यांच्याकडे काय होतं, यावर त्यांचं वागणं जास्त ठरलं. पाणी, दुसरी खोली, पंधरा दिवसांची मजुरी आणि विश्वास ठेवावा असं ओळखीचं माणूस, या चार गोष्टी प्रश्नावलीत क्वचितच विचारल्या गेल्या.

हा साचा कोरोनाने जन्माला घातलेला नाही. कुटुंबनियोजनाच्या काळात, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत, जगभर अशी सर्वेक्षणं झाली. तेव्हाही बायका सांगत की आणखी मूल नको आहे, साधनांची माहिती आहे, आणि तरी साधन वापरत नसत. सांगणं आणि करणं यांतल्या या अंतराला संशोधकांनी नावही दिलं, पण पुष्कळांनी ते अंतर प्रचाराने बुजवायचं ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांना एक प्रश्न पडला होता : क्षयाची एक्स-रे तपासणी मिळत असूनही लोक का येत नाहीत? त्यांच्या उत्तरात धोक्याच्या जाणिवेइतकंच महत्त्व वाटेतल्या अडचणींना होतं. आपल्याकडच्या प्रश्नावल्यांनी जाणीव उचलली आणि अडचणी वाटेतच सोडल्या. कोरोनातल्या अगदी सुरुवातीच्या आणि पुढे जगभर अनुकरण झालेल्या अभ्यासांपैकी एक चीनमधला. २७ जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२० या सहा दिवसांत ६,९१० जणांनी ऑनलाइन उत्तरं दिली. ज्ञानाच्या प्रश्नांना ९० टक्के उत्तरं बरोबर आली आणि ९८ टक्के लोक बाहेर पडताना मुखपट्टी लावत होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण उत्तर देणाऱ्यांपैकी ८२ टक्के किमान महाविद्यालयीन पदविकेपर्यंत शिकलेले होते. ज्याच्याकडे डेटा आहे, निवांत वेळ आहे आणि फॉर्म भरायची सवय आहे, त्याचं ते चित्र. २०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के आणि नांदेडची ७५ टक्के होती. मुखेडच्या वाडीवरची ऊसतोड मजूर बाई किंवा किनवटच्या पाड्यावरचा म्हातारा अशा फॉर्मात सापडणारच नाही. त्यांचं अज्ञान मोजलं गेलं नाही, तसं त्यांचं शहाणपणही नाही.

ज्ञानाचं म्हणावं तर ते कमी नव्हतं. फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. लातूरसारख्या शहरात तर दरवर्षी हजारो मुलं जीवशास्त्र कोळून पितात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विषाणूला स्वतःची पेशी नसते हे तिथला अकरावीचा पोरगा झोपेतही सांगेल. मुखपट्टीही या मुलखाला सर्वस्वी नवी नव्हती. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवर निघालेला माणूस तोंडाला दस्ती किंवा टॉवेल गुंडाळतो आणि बाई ओढणीने डोळ्यांखालचं सगळं झाकते. ऊन मात्र नजरेला दिसतं, विषाणू दिसत नाही. शिवाय जे ज्ञान तपासलं जात होतं तेच हलत होतं. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की हा रोग हवेतून पसरत नाही. त्या वेळच्या प्रश्नावलीत 'हवेतून पसरतो' असं उत्तर देणाऱ्याला शून्य गुण मिळाले असणार. ३० एप्रिल २०२१ ला त्याच संघटनेने बंदिस्त, कोंदट जागांतल्या हवेतून होणारा प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य केला. सर्वसामान्यांनी मुखपट्टी लावावी असं तिने म्हटलं ते ५ जून २०२० ला. भारत सरकारने घरगुती मुखपट्टीचा सल्ला त्याआधी, ४ एप्रिललाच दिला होता. विज्ञान असंच पुढे सरकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण दरम्यानच्या काळात भाज्या साबणाच्या पाण्यात बुडवणाऱ्या आणि दारं-खिडक्या लावून पाहुण्यांशी 'सुरक्षित अंतरावरून' गप्पा मारणाऱ्या सुशिक्षित घराला शंभर गुण, आणि अंगणात बाज टाकून बसणाऱ्या घराला चाळीस, असा निकाल लागला असेल तर तो परीक्षकाचा दोष आहे.

हात धुण्याचं उदाहरण लातूरइतकं बोलकं दुसरीकडे सापडणं अवघड. वीस सेकंद साबणाने, दिवसातून अनेक वेळा, ही सूचना ज्या शहराला दिली गेली त्या शहराने चारच वर्षांपूर्वी काय पाहिलं होतं? मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं गेलं. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. पुढे धरण भरलं, पण नळाला पाणी कितव्या दिवशी सुटणार हा प्रश्न मिटला नाही. हिशेब मांडून पाहावा. पाच माणसांचं घर, प्रत्येकाने आठ वेळा हात धुतले आणि नळ न सोडता तांब्याने अर्ध्या लिटरात भागवलं, तरी रोजचं वीस लिटर पाणी हातांवर गेलं. टाकीवर मोटार असलेल्या घरात हा आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. आठवड्याचं पाणी हौदात आणि पिंपात साठवणाऱ्या घरात तो आकडा म्हणजे एका माणसाची अंघोळ आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, २०१८ साली, देशातली ३५.८ टक्के कुटुंबंच जेवणापूर्वी साबणाने हात धुताना आढळली; शौचानंतर साबण वापरणारी सुमारे ७४ टक्के होती. म्हणजे साबण घरात होता आणि त्याचा उपयोगही ठाऊक होता. पाणी मोजून वापरणारं घर साबण कुठे लागलाच पाहिजे आणि कुठे नुसत्या पाण्यावर भागतं, हे ठरवत होतं, असाही या आकड्यांचा अर्थ लावता येतो. त्याला सवयीचा अभाव म्हणणं घाईचं आहे.

वृत्तीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. दोन्ही जिल्ह्यांत साथीची पहिली ओळख 'बाहेरून आलेला माणूस' अशी झाली. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला हरियाणातून आंध्राकडे निघालेले काही प्रवासी निलंग्यात थांबले होते. त्यांतले आठ जण बाधित निघाले आणि लातूरच्या नावापुढे पहिला आकडा लागला. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार शीख यात्रेकरू टाळेबंदीत अडकले. महिनाभर शहरात राहून एप्रिलअखेर ते बसने पंजाबात परतले. तिथे तपासणीत त्यांतले शेकडो जण बाधित आढळले आणि मग लागण नांदेडची, वाटेतली की पंजाबातली, यावर दोन राज्यांत जुंपली. खुद्द नांदेड शहरात पहिला रुग्ण २२ एप्रिलला पीरबुऱ्हाणनगरात सापडला होता. 'कोणी आणला' हा प्रश्न एकदा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की त्याची छोटी आवृत्ती प्रत्येक गल्लीत निघते. गल्लीला पत्रे ठोकले जातात, घरावर फलक लागतो, किराणावाला पैसे लांबून टाकायला सांगतो. पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून परतलेल्या मजुराला गावाच्या वेशीवर काट्या टाकलेल्या दिसतात. अशा वेळी घसा दुखतो हे कोण सांगेल? तपासणी टाळणाऱ्याच्या डोक्यात विषाणूबद्दल काही चुकीचं होतं असं मुळीच नाही. तपासणीनंतर काय होतं हे त्याने शेजारच्या घरी पाहिलं होतं. सरकारी दवाखान्याबद्दलच्या भीतीचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला, साथ ओसरून गेल्यावर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि त्यांत १२ अर्भकं होती. कारणांवर वाद झाले. पण 'आरोग्यव्यवस्थेवर तुमचा विश्वास आहे का' या प्रश्नाला जिल्ह्यातला माणूस 'नाही' म्हणाला, तर ते उत्तर 'नकारात्मक वृत्ती' या रकान्यात टाकण्यापूर्वी थोडं थांबायला हवं.

आता भोसी. नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातलं हे सुमारे सहा हजार वस्तीचं गाव. २०२१ च्या मार्चच्या आसपास गावात एक लग्न झालं, त्यानंतर एक मुलगी बाधित निघाली आणि पुढच्या आठवड्यात आणखी पाच जण. जिल्हा परिषदेचे सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर यांनी ग्रामपंचायत आणि आरोग्य विभागाला बरोबर घेऊन गावातच तपासणी शिबिर भरवलं. ११९ जण बाधित आढळले. लक्षणं सौम्य असलेल्यांना पंधरा-सतरा दिवस आपापल्या शेतात राहायला सांगितलं गेलं. ज्यांना शेतच नाही त्यांच्यासाठी भोसीकरांनी स्वतःच्या शेतातली चाळीस बाय साठ फुटांची शेड मोकळी केली. आशाताई आणि अंगणवाडी सेविका रोज शेतावर जाऊन चौकशी करत, औषधं आणि डबा पोचता करत. मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी करून माणसं घरी परतली आणि पुढचा दीड महिना गावात नवा रुग्ण आढळला नाही. ही कथा तेव्हा सरकारने अभिमानाने देशभर सांगितली, आणि सरकारी यशोगाथा पारखूनच घ्यावी हे खरं. राज्यातली दुसरी लाट एप्रिलअखेरीस शिगेला पोचून मे महिन्यात सगळीकडेच उतरत होती. शेजारी तुलनेला दुसरं गाव ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे भोसीने विषाणू रोखला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण माणसांच्या वागण्याबद्दल ती जे सांगते ते नाकारता येत नाही. लागण झालेल्यांनी पंधरवडाभर घरापासून दूर राहावं, हे त्या काळातलं सगळ्यात अवघड आचरण होतं, आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही ते नीट होत नव्हतं. इथे सौम्य लक्षणं असलेल्या बाधितांच्या बाबतीत ते झालं.

का झालं, ते पाहण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे जागा. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्यांना 'वेगळ्या खोलीत राहा' सांगणं म्हणजे चेष्टाच. शेत ही खेड्याकडची दुसरी खोली आहे, वारा खेळता असलेली. दुसरं म्हणजे जेवण आणि चौकशी यांचा भार बाधिताच्या घरावर पडला नाही. तिसरं, सांगणारा माणूस गावातला होता आणि त्याने आपली शेड आधी दिली, मग सांगितलं. चौथी गोष्ट बातम्यांत आली नाही : हा उपाय गावाला मुळातून परका नव्हता. प्लेगच्या काळात उंदीर पडू लागले की दख्खनमधली गावं उठत आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. ही आठवण आजे-पणज्यांच्या बोलण्यातून कालपरवापर्यंत टिकून होती. जिवाणूचा सिद्धांत ठाऊक नसलेल्यांचं ते आचरण प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात बसलं असतं, कोण जाणे.

भोसी एकटं गाव आहे म्हणून सोडून द्यावं तर बांगलादेशातल्या मोठ्या प्रयोगाकडे पाहावं. तिथे सुमारे सहाशे गावांत, साडेतीन लाखांच्या जवळपास प्रौढांमध्ये, मुखपट्टीचा वापर कशाने वाढतो ते तपासलं गेलं. घरोघरी फुकट मुखपट्टी, तिची माहिती, गावातल्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः लावून दाखवणं, आणि बाजारात मुखपट्टीविना दिसणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवून नम्रपणे आठवण देणं, या सगळ्यांनी मिळून वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. फोनवरचे संदेश किंवा गावाला बक्षीस, यांनी त्यावर काही भर पडली नाही. लक्षणांसह झालेली आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेली लागण एकूण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. आकडा फार मोठा नाही, पण अर्ध्याहून अधिक माणसं तेव्हाही उघड्या तोंडाने फिरत होती हे लक्षात घेतलं तर लहानही नाही. माहितीची मात्रा वाढवून जे साधलं नाही ते वस्तू हातात देऊन आणि समोर उभं राहून साधलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अडचणींचं एवढं गाणं गाऊ नका. ज्यांच्याकडे पाणी, खोल्या, पगार सगळं होतं त्यांनी तरी काय दिवे लावले? आक्षेप खरा आहे. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली, मोडल्यास पन्नास हजार दंड. तरी मांडव पडले, आणि ते गरिबांचेच होते असं कोणी म्हणणार नाही. पण इथेही अडचण आहे, फक्त ती पैशाची नाही. मराठवाड्यात लग्नाला, सावडायला, तेराव्याला न जाणं म्हणजे एका घराशी संबंध तोडणं. एकट्याने नियम पाळला तर तो एकटा वाईट ठरतो. सगळ्यांनी पाळला तर कोणीच ठरत नाही. अशा ठिकाणी व्यक्तीला शहाणं करून भागत नाही, गावाने मिळून ठरवावं लागतं. आणि ज्यांनी ठरवायचं त्यांनी स्वतः काय केलं? डिसेंबर २०२० मध्ये मराठवाडा पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या बारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं, गुलाल उधळला गेला. त्यानंतर लग्नातल्या पंगती मोजायला आलेल्या पथकाकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिलं असेल? देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले आणि त्यांच्या जागेसाठी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पोटनिवडणूक झाली. हा काळाचा विनोद म्हणायला जीभ धजत नाही.

दुसरा आक्षेप लसीचा, आणि तो जास्त जड आहे. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी ज्या जिल्ह्यांची बैठक घेतली, जिथे निम्म्या लोकांनीही पहिला डोस घेतलेला नव्हता, त्यांत नांदेड होतं. तेव्हा लस उपलब्ध होती आणि फुकट होती. मग हे अज्ञान आणि अफवा नाही तर काय? काही अंशी होतंच. लस घेतल्यावर मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, अशा गोष्टी फिरत होत्या, आणि चुकीची समजूत हीसुद्धा अडचणच असते. माझा हिशेब ती वगळून मांडता येणार नाही. पण मागे वळून पाहिलं तर १ मे २०२१ ला अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुलं झालं आणि दोन आठवड्यांच्या आत राज्याला पंचेचाळिशीखालच्यांचं लसीकरण थांबवावं लागलं, कारण डोसच नव्हते. उत्सुकता होती तेव्हा लस नव्हती. लस आली तेव्हा सोयाबीनची काढणी होती, त्यातच सप्टेंबरअखेर 'गुलाब' वादळाच्या पावसाने उभं पीक पाण्यात गेलेलं, आणि डोस घेतला की दोन दिवस अंग तापतं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. हे कारण मला पुरेसं वाटत होतं, पण तोच पाऊस आणि तेच सोयाबीन लातूरलाही होतं आणि लातूर त्या यादीत नव्हतं. तेव्हा एकट्या पावसावर भार टाकता येत नाही. लातूरचे दहा तालुके तसे आटोपशीर आहेत. नांदेडचे सोळा पार किनवट-माहूरच्या डोंगरापर्यंत पसरलेले. त्याच महिन्यात सरकारला 'हर घर दस्तक' म्हणत लस घेऊन दारोदार जावं लागलं, यातच पुष्कळ आलं. अंतर हा घटक अफवेइतका चविष्ट नसतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

तिसरा आक्षेप दंडुक्याचा : आपल्याकडे माणूस फक्त दंडाला भितो. याच नोव्हेंबरात मराठवाड्यातल्याच तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर पेट्रोल आणि रेशन नाही असा आदेश निघाला, आणि केंद्रांवर गर्दी झाली. सक्ती चालते, यात वाद नाही. पण ती जे दिसतं तेवढ्यापुरतीच चालते. नाकाबंदीला मुखपट्टी वर चढते आणि पुढच्या वळणावर हनुवटीखाली येते. घरात ताप आलाय हे सांगणं, म्हाताऱ्यांना खिडकीशी झोपवणं, सोबत जेवायचं टाळणं, हे कोणत्याही शिपायाला दिसत नाही, आणि साथीची खरी लढाई तिथेच असते. दिसणाऱ्या गोष्टींतही सक्तीला मर्यादा असते. २९ मार्च २०२१ ला नांदेडमध्ये शिखांच्या होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला बंदी असताना अडथळे तोडून जमाव बाहेर पडला, पोलीस जखमी झाले. ज्या १८९७ च्या कायद्याखाली या वेळचे आदेश निघाले तो मुळात मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेला. पुण्यात घराघरांत घुसून केलेल्या तपासणीचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला, हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. निजामाच्या राज्यातला मराठवाडा त्या पुणेरी प्रकरणापासून दूर होता, पण कायदा सगळ्यांच्याच वाट्याला आला.

नांदेड हा जिल्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रतिपिंडांच्या राष्ट्रीय पाहणीसाठी निवडलेल्या सत्तर जिल्ह्यांपैकी एक होता. मे-जून २०२० च्या पहिल्या फेरीत देशात एक टक्क्याहून कमी प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील दोन-तृतीयांश लोकांत. रक्त मोजायला यंत्रणा गावापर्यंत पोचू शकते, हे त्यातून दिसलं. तीच यंत्रणा सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरली, आणि ते फिरणाऱ्या आशाताईंना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यभर संपावर जावं लागलं. पुढच्या साथीआधी कोणाला नवी प्रश्नावली करायचीच असेल तर त्याच आशाताईच्या हाती, पुरेसे पैसे देऊन, थोडे वेगळे प्रश्न द्यावेत. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं आणि साठवायला किती भांडी आहेत? घरात कोणी आजारी पडलं तर त्याला निजवायला दुसरी जागा कुठे? पंधरा दिवस कामावर गेलं नाही तर उधारी कोण देईल? गावात कोणाच्या सांगण्यावरून तुम्ही लग्न पुढे ढकलाल? आणि शेत नसलेल्यांसाठी शेड कोणाची आहे, तिच्यात सध्या काय भरलंय, सोयाबीन की कडबा?